लिनो विणकराचे फेरीचे दिवस

दलाल यायचा थांबला, तेव्हा लिनोला पहिल्यांदा कळलं की आपल्याला विणता येतं, पण विकता येत नाही.

ठाण्याच्या चर्चमागच्या आळीत रेशीम विणणारी पाच-सहा ख्रिस्ती घरं तेव्हा उरली होती. लिनोच्या बापाच्या वेळेपासून माल घरातूनच उचलला जायचा. मुंबईचा दलाल महिन्यातून एकदा यायचा, ओटीवर बसून पान खायचा आणि लुगडी, सोवळ्याचे रेशमी मुकटे गाठोड्यात बांधून घेऊन जायचा. अठराशे अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर तो आला नाही. पौषात त्याचा निरोप आला, की बाजारात चिनी रेशमी कापड स्वस्त पडतंय, आता तुमचं तुम्ही बघा.

लिनो तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. दोन्ही मुली लग्न होऊन वसईकडे गेलेल्या. घरात तो आणि बायको लुसी. तो मागावर बसायचा, ती रेशीम उकलून कांड्या भरायची. दिवसभरात दोघांत दहा शब्द व्हायचे आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटत नसे. आता अनोळखी दारात उभं राहून बोलायचं होतं.

कल्याणला वकिलांची, व्यापाऱ्यांची घरं होती. पूजेला, लग्नामुंजीला रेशीम लागणारी माणसं. लिनो गाठोडं घेऊन कल्याणला जाऊ लागला. पहिल्याच दिवशी गाडी चुकली. स्टेशनातलं घड्याळ मद्रासच्या वेळेवर चालायचं, गावापेक्षा चांगलं अर्धा तास पुढे, आणि लिनो निघाला होता आपल्या अंगणातल्या उन्हावर. पुढच्या गाडीने पोचला तर घराघरांत पानं मांडलेली. "नंतर या," म्हणाले. नंतर गेला तर पुरुषमाणसं झोपलेली. एका ओसरीवर दोन तास बसून त्याने एक लुगडं दाखवलं. बाई म्हणाली, "बघू." संध्याकाळी तो रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्या दिवशी दमला होता म्हणून माग सुरू व्हायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कल्याण.

असं दीड महिना चाललं. मागावरचं लुगडं अर्ध्यावर अडकलं आणि गाठोड्यातली तीन तशीच राहिली.

एका संध्याकाळी लुसी त्याच्यासमोर बसली. "आज कोणाकोणाकडे गेलेलास?"

"चार घरं झाली."

"कोण भेटलं?"

"बाया भेटल्या."

"कोणाकडे लग्न आहे, कोणाकडे मुंज आहे?"

लिनोने तिच्याकडे पाहिलं. "मला काय ठाऊक? मी कापड दाखवलं. त्या बघू म्हणाल्या."

"तू मागावर बसतोस तेव्हा मन कल्याणला असतं," लुसी म्हणाली, "आणि कल्याणला जातोस तेव्हा मागावर. दोन्हीकडे अर्धाच आहेस. पुढच्या खेपेला मी येते."

ती गेली. पारनाक्याजवळ एका वकिलाच्या घरी त्याची पत्नी रंगूबाई ओसरीवर आली. साठीला टेकलेली, करारी बाई. लिनोने गाठोडं सोडलं आणि कोणी विचारायच्या आत किंमत सांगून टाकली. रंगूबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या काठ बघत होत्या, नुसत्या बघत होत्या; पण ती आठी दिसताच लिनो घाबरून कापडाची घडी घालू लागला. लुसी मागे भिंतीशी बसून सगळं पाहत होती. तिने हात पुढे करून घडी थांबवली.

"बाईसाहेब, घरात काही कार्य आहे का?" तिने विचारलं.

रंगूबाईंनी मान वर केली. "वैशाखात नातीचं लग्न आहे. जयाचं."

"कसा रंग आवडतो तिला?"

मग रंगूबाई बोलू लागल्या. जयाचा वर्ण, सासरची माणसं, व्याह्यांकडच्या बायकांची नजर कशी बारीक, सगळं. लुसी ऐकत राहिली. शेवटी तिने दोनच गोष्टी विचारल्या, काठ केवढा आणि कधीपर्यंत हवं. त्या दिवशी गाठोड्यातलं एकही लुगडं विकलं गेलं नाही, पण डाळिंबी रंगाचं, बुट्टीच्या, म्हणजे बारीक नक्षी विणलेल्या काठाचं एक सांगून ठेवलं गेलं. परतीच्या गाडीत लिनो खिडकीबाहेर बघत होता. मुंब्रा गेल्यावर म्हणाला, "तूच जात जा."

लुसीने मग आठवडा बांधून घेतला. मंगळवार आणि शुक्रवार फेरीचे, बाकीचे मागाचे. सकाळची गाडी तिने सोडून दिली. जेवणं उरकली, भांडी घासून झाली की बायका तासभर मोकळ्या असतात, ती वेळ तिने धरली. एका दिवसात चार घरं, पाचवं नाही. जिथे एकदा "नको" आलं तिथे महिनाभर पाय ठेवायचा नाही. आणि लिनोने त्या दोन दिवसांत कल्याणचा विचारही करायचा नाही. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत माग. तिने हिशेब मांडला की अठरा दिवसांत एक लुगडं उतरायला हवं.

ते उतरत नव्हतं. चोवीस दिवस लागले, मग सव्वीस. लुसीला वाटलं, ती नसताना तो नुसता बसून राहतो. एकदा रागात बोललीही, "मी उन्हातून पायपीट करते आणि इथे धोटा जागचा हलत नाही." लिनो खाली मान घालून तुटलेला धागा चाचपत राहिला.

जयाचं लुगडं लग्नाच्या नऊ दिवस आधी तयार झालं. लुसी ते घेऊन निघाली. बायकांच्या डब्यात तिने पदर एकदा नीट बघावा म्हणून मांडीवर उलगडला. गाडी मुंब्र्याच्या बोगद्यातून बाहेर आली, उन्हाचा झोत कापडावर पडला आणि तिला दिसलं. काठाच्या बुट्टीत हातभर अंतरात धागे चुकले होते. एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. लिनोच्या हातून असं कधी झालं नव्हतं. नवशिक्याच्याही हातून होऊ नये असं ते होतं.

डोंबिवली गेली तरी ती त्या काठाकडे बघत होती. घडी अशी घालता आली असती की चूक आत राहील. ओसरीवरचा उजेड बेताचाच होता. लग्नाच्या घाईत कोण हातभर काठ तपासणार? कल्याण आलं तेव्हा तिने लुगड्याची उलटी घडी घातली, चुकलेली वीण वर.

रंगूबाईंसमोर बसल्यावर तिने पहिल्यांदा तेच उघडलं. "बाईसाहेब, हे बघा. इथे, इथे आणि इथे वीण चुकली आहे."

रंगूबाई वाकल्या. बराच वेळ बोटाने काठ चाचपत राहिल्या. "मला दिसलं नसतं," त्या म्हणाल्या.

"आज नसतं दिसलं. नंतर दिसलं असतं."

"अगं, नऊ दिवस उरले. आता मी दुसरं कुठून आणू?" त्यांचा आवाज चढला होता. आतून कोणीतरी डोकावलं. "लग्नाचं लुगडं आहे. तुटक्या धाग्याचं मी पोरीच्या अंगावर घालणार नाही. घेऊन जा."

लुसीने घडी घातली. ती उठत असताना रंगूबाईंनी विचारलं, "नवऱ्याचा एवढा चांगला हात आहे म्हणत होतीस. मग हे झालं कसं?"

खाली मान घालून धागा चाचपणारा लिनो लुसीला आठवला. तोंडातून शब्द निघाले आणि निघताना तिलाच ते खरे वाटले. "त्याला दिसत नाही, बाईसाहेब."

घरी आली तेव्हा लिनो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. ऊन खिडकीतून सरकून गेलं होतं आणि त्याचे हात मांडीवर होते. लुसीने लुगडं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"परत केलं?" त्याने विचारलं.

"दिसेनासं होऊन किती दिवस झाले?"

"गेल्या गणपतीपासून," तो म्हणाला. "खिडकीत ऊन असतं तेवढा वेळ दिसतं. सकाळी तीन तास, दुपारी थोडं. बाकी सगळं धुक्यातून बघितल्यासारखं. मला वाटलेलं, हाताला सवय आहे, हात करतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दिवस बांधून दिलेले," लिनो म्हणाला. "उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. त्यात कसं सांगू?"

लुसी त्याच्या शेजारी, मागाच्या काठावर बसली. तिने दिवस मोजले होते, गाड्या मोजल्या होत्या, घरं मोजली होती. माणसाला किती दिसतं ते मोजलं नव्हतं. ती रडली नाही, पण त्या संध्याकाळी चूल पेटवायला तिला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी आळीतला विणकर टेरेन्स आला. त्याने मुंबईच्या गिरणीत नाव लावलं होतं. "माग विकून टाक," म्हणाला. "लुसीला गिरणीत काम मिळेल." लिनो ऐकून घेत होता. लुसी उठली, मागाच्या खड्ड्यात उतरली आणि धोटा हातात घेतला.

"मला शिकव," ती लिनोला म्हणाली.

बेचाळिसाव्या वर्षी शिकणं सोपं नव्हतं. बुट्टीचा काठ तिला जमणार नव्हता, साधा काठ जमण्यासारखा होता. लिनो बाजूला पाटावर बसायचा. त्याला धागा दिसत नव्हता, पण फणीचा ठोका ऐकू यायचा. "हलका पडला," तो म्हणायचा. "पुन्हा मार." किंवा, "डाव्या पायाला घाई झाली." पहिले दोन महिने ती विणायची आणि उसवायची. तिसऱ्या महिन्यात एक मुकटा नीट उतरला. लिनोने तो गालाला लावून पाहिला आणि जपून घडी घातली.

मग फेरीला कोण जाणार हा प्रश्न उरला. एकच माणूस होता.

"मला नाही जमायचं," लिनो म्हणाला.

"रस्ता दिसतो ना?"

"रस्ता दिसतो. माणसाचा चेहरा दिसत नाही."

"मग बरंच आहे," लुसी म्हणाली. "चेहरा बघूनच तू घडी घालायला लागायचास."

तिचं खरं निघालं. समोरच्या बाईच्या कपाळावरची आठी त्याला दिसेना, त्यामुळे घाबरायला कारण उरलं नाही. दिसत नव्हतं म्हणून तो ऐकू लागला. "बघू" हा एकच शब्द माणसं किती तऱ्हांनी म्हणतात हे त्याला कळू लागलं. नकोचं बघू वेगळं, नवऱ्याला विचारायचं बघू वेगळं, आणि हवं आहे पण आज नाही, ते आणखी वेगळं. कापड तो आता पसरत नसे. समोरच्याच्या हातात देऊन म्हणे, "अंगठ्याखाली धरा. धागा एकसारखा लागतो का सांगा." मग गप्प राही. गप्प राहणं त्याला आधीपासून येत होतंच. कोणासाठी हवं, कधीपर्यंत हवं, हे लुसीचे दोन प्रश्न तो शेवटी विचारायचा. लुसीने आठवडा पुन्हा बांधला, या खेपेला त्याला विचारून. एका दिवसात तीनच घरं. उन्हाचे तास मागाला, आणि रविवारी काही नाही.

ठाण्यातच, स्टेशनापलीकडे कोपरीत काळुराम नावाचा एक जमीनदार राहायचा. बाप मिठागरात राबलेला, याने स्वतःची मिठागरं केली, वर शेतं घेतली. लिनो त्याच्याकडे दर महिन्याला जायचा. काळुराम त्याला बसवायचा, पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "बघू रे, लिनो. सध्या नाय." घरात लक्ष्मी होती, बायको गोदा हौशी म्हणून गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोन वर्षं तेच. टेरेन्सची बायको हसायची, "त्या घरात उंबरा झिजवतोस नुसता."

अठराशे ब्याऐंशीच्या माघात लिनो तिथे गेला तेव्हा काळुरामच्या "बघू"चा सूर बदलला होता. शब्द तोच, पण तो म्हणताना आवाज मध्येच विझला. लिनोचा हात गाठोड्याच्या गाठीवर होता. त्याने तो काढून घेतला.

"दादा, आज मी गाठोडं सोडत नाही," तो म्हणाला. "घरात काही झालंय का?"

अंगणात कोणीतरी भात कांडत होतं, तेवढाच आवाज. मग काळुराम म्हणाला, "गोदा हाय ना. पोटात गाठ हाय तिच्या. दोन वरीस झाली. ठाण्याचा वैद्य झाला, सायबाचा डागतर झाला. मना सांग, तिच्यासाठी रेशमी लुगडं घेऊ तर कंच्या तोंडानं घेऊ? ती नेसल की नाय, मना ठाव नाय. म्हणून तुला बघू म्हणतो."

लिनोने गाठोडं बाजूला सरकवलं. तो तसाच बसून राहिला. त्या दिवशीची बाकीची दोन घरं राहून गेली. निघायला उठला तेव्हा आतून बाईचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"कोण, विणकर हाय का? त्याला आत बोलवा."

काळुराम त्याला माजघरात घेऊन गेला. गोदा बाजेवर होती. लिनोला नुसता एक आकार दिसला, भिंतीला टेकलेला.

"गाठोडं सोड," ती म्हणाली.

"गोदा, राहू दे," काळुराम म्हणाला.

"तुमी गप बसा. मना बघू दे."

लिनोने गाठोडं सोडलं आणि एक लुगडं तिच्या हातात दिलं. तिची बोटं हाडकुळी होती, लुगडं घेताना त्याच्या हाताला लागली. ती कापड चाचपत राहिली.

"मऊ हाय," ती म्हणाली. "हा रंग नको. मना हिरवं पायजे. चांगलं गर्द हिरवं. ह्यांच्या आधी चाललेय मी, अहेव चाललेय. माझं लुगडं मीच बघून घेणार. मेल्यावर दुसऱ्याच्या पसंतीचं अंगावर नको."

काळुराम बाहेर निघून गेला. त्याची पावलं ओटीवर थांबली.

लिनोच्या जिभेवर नेहमीचा प्रश्न आला होता. कधीपर्यंत हवं? गेली अडीच वर्षं प्रत्येक घरात त्याने तो विचारला होता. आता तो विचारता येईना. आणि न विचारून चालणार नव्हतं, कारण ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर लावायलाच चार दिवस जायचे.

गोदालाच ते कळलं असावं. "शिमग्याच्या आत आण," ती म्हणाली. "होळीला नारळ टाकीन मी, तेवढं मना ठाव हाय. पुढचं नाय सांगत."

होळीला सत्तावीस दिवस होते. लुसीला साध्या काठाच्या लुगड्याला अजून महिना लागत असे. घरी येऊन लिनोने सगळं सांगितलं. लुसीने विचारलं, "तू हो म्हणालास?"

"हो."

"मग ह्या महिन्यात फेऱ्या बंद," ती म्हणाली. "रेशीम तू उकल, कांड्या तू भर. स्वयंपाक तुझ्याकडे. मी मागावरून उठणार नाही."

त्या महिन्यात कल्याणच्या एका घरची मुंज हातची गेली. लिनो रेशीम बोटांनी उकलायचा, तुटकं टोक जिभेला लावून सांधायचा. भात कधी करपायचा, कधी कच्चा राहायचा. लुसीच्या पाठीत उसण भरली तेव्हा ती भिंतीला पाय लावून दोन घटका पडली आणि पुन्हा खड्ड्यात उतरली. घाईत एकदा धागे चुकले. लिनोला ठोक्यावरून कळलं. त्याने काही म्हणायच्या आत ती उसवायला लागली होती.

होळीच्या दोन दिवस आधी लुगडं उतरलं. या खेपेला दोघं मिळून कोपरीला गेली.

गोदाने लुगडं उजेडात धरून बघितलं. मग काठाला हात लावला आणि लुसीला विचारलं, "तू विणलंस?"

"हो, बाय."

"तुझी बोटं सुजलीत." ती थोडं हसली. "मना नेसव. शेजारणींना बोलवत नाय, तूच नेसव."

लुसीने तिला नेसवलं. निऱ्या करताना तिला कळलं की आत माणूस किती उरलं आहे. नऊवारी दोनदा गुंडाळूनही सैल होत होतं. मग काळुरामने बायकोला उचलून ओटीवर आणलं आणि ती उन्हात बसली, गर्द हिरव्या लुगड्यात, कपाळाला मोठं कुंकू लावून. रस्त्याने जाणाऱ्या बाया थांबल्या. एकीने विचारलं, "गोदाबाय, कंचा सण?" गोदा म्हणाली, "माझा." लिनोला ते काही दिसत नव्हतं. एका बाजूला नुसता हिरवा रंग होता आणि त्या बाजूने काळुरामचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

होळीला ती आगीपर्यंत गेली नाही, नारळ तिने दारातून दिला. नवव्या दिवशी गेली. त्याच लुगड्यात तिला नेली.

दिवस-कार्य उरकल्यावर मंगळवारी लिनो कोपरीला गेला. गाठोडं घरी ठेवून गेला होता. काळुराम एकटाच ओटीवर होता. लिनोने पायरीवर बसून विचारलं, "जेवलात का, दादा?" तेवढ्यावर काळुराम बोलू लागला. गोदा लग्न होऊन आली तेव्हा तिला खाडीची भीती वाटायची, इथपासून. मिठागरात ती डोक्यावर पाटी घेऊन उतरायची, पहिलं पोर गेलं तेव्हा बोलायची थांबली होती, मग एक दिवस आपणहून हसली. लिनो ऐकत होता. ऊन ओटीवरून खाली उतरलं, अंगण ओलांडून गेलं.

परतल्यावर लुसीने मागावरूनच विचारलं, "आज किती घरं झाली?"

"एकच," लिनो म्हणाला. "दुसरीकडे जावंसं वाटलं नाही."

लुसीने धोटा बाजूला ठेवला, त्याला पाणी दिलं आणि पुन्हा मागावर बसली.

पुढे लिनोची दृष्टी पूर्ण गेली, पण आणखी सहा वर्षांनी. तोवर तो मंगळवार-शुक्रवार फिरत राहिला, कल्याणला, कोपरीला, कधी डोंबिवलीलाही. टेरेन्स गिरणीतच राहिला. आळीतले बाकीचे माग एकेक करून थांबले. लुसीचा चालू होता, साध्या काठाचा. बुट्टी तिला शेवटपर्यंत आली नाही आणि ती आपल्याला येते असं तिने कोणत्याही दारात कधी सांगितलं नाही.